पोलिसाने खुर्ची दिली

ती आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आली, त्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने फोन मला केला. म्हणाली, तुमच्या घरून कोणीतरी आलंय. मी धावतच खाली गेले. माझ्या घरचं कोणी टोकियोला येण्यासारखं नव्हतं. वडिलांनी तोवर मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. खाली सोफ्यावर एक सावळी, भरल्या अंगाची, कुरळ्या केसांची बाई बसली होती, माझ्याहून चांगली दहाएक वर्षांनी मोठी. मी तिच्याशी हिंदीत बोलायला लागले. तिने कपाळाला हात लावला आणि ठसठशीत ऑस्ट्रेलियन इंग्रजीत म्हणाली, "घ्या! सकाळपासून ही तिसरी."

ती आमच्या जपानी सहकाऱ्यांना इंग्रजी शिकवायला आली होती. एजन्सीने 'ऑस्ट्रेलियन शिक्षिका' एवढंच कळवलेलं. आमच्या विभागप्रमुखांनी मनात सोनेरी केसांची बाई धरली होती आणि स्वागत म्हणून फळ्यावर स्वतःच्या हाताने कांगारू काढून ठेवला होता. वर्गात तिला बघून ते आधी तिच्या मागे कोणी येतंय का ते बघत राहिले. मग तिने सांगितलं की ती ऑस्ट्रेलियातली आदिवासी आहे, गोरे जहाजातून उतरले त्याच्या कितीतरी आधीपासून तिचे लोक तिथेच आहेत. प्रमुखांनी मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि अत्यंत अदबीने विचारलं, "म्हणजे तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"मूळची तिथलीच," ती म्हणाली. "मूळची म्हणजे अगदी मूळचीच."

मी चहाच्या खोलीत पळाले आणि तोंडावर रुमाल धरून हसले. थोड्या वेळाने ती आत आली आणि तीही हसायला लागली. आमची मैत्री अशी झाली. एकमेकींचं नाव विचारायचं राहिलंच होतं.

ते दिवसच तसे होते. पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मंडळी विमानं भरभरून टोकियोला उतरत होती. हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीत संध्याकाळी फोडणीचा वास जिन्यावरून वर चढायचा आणि जपानी शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे, एकटीच राहायचे. वरच्या मजल्यावर पुण्याच्या एक वहिनी होत्या. नवऱ्याबरोबर आलेल्या, इथे नोकरी नाही, त्यामुळे सगळ्या इमारतीची जबाबदारी त्यांनी आपण होऊन उचललेली. माझ्यावर त्यांचा विशेष जीव. "एकटी पोर आहे, काय खाते कोण जाणे," असं म्हणून त्या डबा पाठवायच्या. त्यांचं जपानी भन्नाट होतं, कारण कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा यावरून शेजारणींशी भांडून भांडून त्या ते शिकल्या होत्या. व्याकरण नव्हतं, पण धार होती.

वहिनींनी नवीन सायकल घेतली तेव्हा जुनी मी माझ्या ऑस्ट्रेलियन मैत्रिणीला मिळवून दिली. ती ग्योतोकुला राहायची, नदीपलीकडे. सायकलला पुढे टोपली होती आणि घंटीवर गणपतीचं स्टिकर. ती रविवारी सायकलवरून माझ्याकडे यायची आणि आम्ही नदीकाठच्या रस्त्याने उगाचच लांबवर जायचो. ती मला 'सिस' म्हणायची. मी तिला ताई म्हणायचे, तिच्या तोंडी ते 'टाई' व्हायचं, आणि मी तिला टाई म्हटलं की ती स्वतःच गळ्याशी हात नेऊन गाठ आवळून दाखवायची.

अशाच एका रविवारी आम्हाला पोलिसाने थांबवलं.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी फासेपारध्यांची. आमची पालं गावाबाहेर पडायची आणि आसपासच्या पंचक्रोशीत कुठे चोरी झाली, की पहाटे पोलिसांची गाडी पहिली आमच्याकडे यायची. चोरी कोणी केली हा प्रश्न नंतरचा. आधी बापे उचलायचे. माझे वडील इतक्या वेळा उचलले गेले की दिवाळी जवळ आली की आई फराळाचं बघायच्या आधी त्यांचं एक जुनं धोतर आणि घोंगडी बांधून ठेवायची. सणाच्या आधी 'खबरदारी म्हणून' न्यायचेच. एकदा गाडी उशिरा आली, तर वडील वैतागून म्हणाले, "येत्यात का न्हाई आज? मला लाकडं फोडायला जायचंय." मी आश्रमशाळेत शिकले, शिष्यवृत्तीवर पुण्यात इंजिनियर झाले, आणि विमानात बसले. टोकियोत हे कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कोणी. आडनावावरून पत्ता लागत नव्हता, आणि आमच्या मराठी मंडळींची चौकशी आडनावापाशी येऊन थांबते.

तर पोलीस. विशी ओलांडलेला, गोरापान, हातात पांढरे मोजे. सायकलवरून उतरला, टोपीला हात लावला आणि आधी माफी मागितली. मग सायकलच्या दांडीवरचा नोंदणीचा नंबर वायरलेसवर वाचून दाखवला. जपानात प्रत्येक सायकल पोलिसांकडे नोंदवलेली असते. पलीकडून उत्तर आलं ते वहिनींच्या यजमानांचं नाव. पोलिसाने ताईला विचारलं, "हे तुम्ही?" ती स्पष्टच पन्नाशीतला पुणेकर पुरुष नव्हती. त्याने पुन्हा माफी मागितली आणि आम्हाला कोपऱ्यावरच्या चौकीत यायची विनंती केली. कोबान म्हणतात त्याला. एका खोलीची, बाहेर कुंड्या ठेवलेली, इतकी चिमुकली की पानाचं दुकान वाटावं.

आत गेलो. आणि माझ्या शरीराने माझी परवानगी न घेता जे करायचं ते केलं. मी दाराशी भिंतीला पाठ लावून उकिडवी बसले, हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. लहानपणी आईबरोबर ठाण्यात गेलं की असंच बसायचं असतं. आणि त्याच क्षणी, कोणी काही म्हणायच्या आत, ताई टेबलापाशी गेली आणि तिने दोन्ही पंजे बोटं पसरून टेबलावर ठेवले. पाय थोडे फाकवले. मान खाली.

पोलीस आमच्याकडे बघत राहिला. एक परदेशी बाई त्याच्या जमिनीवर बसलेली, दुसरी त्याच्या टेबलावर ओणवलेली. त्याच्या प्रशिक्षणात हे कुठेच नव्हतं. त्याने घाईघाईने कोपऱ्यातून दोन खुर्च्या ओढल्या, हातमोज्याने त्यावरची धूळ झटकली आणि "दोझो, दोझो" म्हणजे बसा, बसा, करत आमच्यापुढे धरल्या. मी उठेना. माझे पायच उठेनात. मग त्याला वाटलं माझ्या पोटात दुखतंय. त्याने स्वतःच्या पोटावरून गोल गोल हात फिरवून चेहरा वाकडा केला आणि माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी काही बोलले नाही तसा तो घाबरला आणि अँब्युलन्स बोलवायला फोनकडे धावला.

ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तिच्या पसरलेल्या पंज्यांकडे बघितलं. तिने माझ्या उकिडव्या गुडघ्यांकडे. आणि तिला कळलं, आणि मला कळलं.

"तू पण?" ती म्हणाली.

"तू पण?" मी म्हणाले.

आणि आम्ही फुटलो. असं हसू मला त्याआधी कधी आलं नव्हतं. पोटात कळा आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, मी खरोखरच जमिनीवर लवंडले. ती टेबलाला धरून खाली सरकत सरकत माझ्या शेजारी येऊन पडली. पोलिसाच्या हातात फोन तसाच. मग तो बिचाराही हसायला लागला, का ते माहीत नसताना, यजमानाने पाहुण्याला एकटं हसू देऊ नये म्हणून. मग त्याने थंडगार बार्लीचा चहा आणला.

वहिनींना फोन केला तशा त्या नवीन सायकलवर बसून, ओढणीची गाठ मारून आल्या. दारातूनच सुरू झाल्या. "माझी! दिली! हिला! मी!" असं त्यांनी जपानीत बोटं नाचवत सांगितलं आणि वर मराठीत, "सायकल देऊ पण नये का माणसाने?" असं जोडलं. पोलीस वाकून वाकून माफी मागायला लागला. त्याने तिथल्या तिथे नोंदणी बदलायला काय करायचं ते समजावलं आणि निघताना आम्हा तिघींना एकेक रंगीत पत्रक दिलं, चोरांपासून आपल्या वस्तू कशा सांभाळाव्यात याचं. त्यावर टोपी घातलेला एक गुबगुबीत उंदीर बोट उंच करून ताकीद देत होता. मी ते पत्रक हातात धरून उभी राहिले. आमच्या साऱ्या कुळात, चोरांपासून सावध राहा असं पोलिसांनी सांगितलेली मी पहिलीच.

बाहेर आलो. वहिनींचा राग उतरला नव्हता. "ह्यांना ना, चोर कसा दिसतो तेच ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या आजोळी पारध्यांची पालं पडली नुसती गावाबाहेर, की लोक भर दुपारी दारांना कड्या लावायचे. एका नजरेत ओळखायचे!"

अजून माझं हसू ओसरलं नव्हतं. कदाचित त्यामुळेच ते इतकं सहज निघालं. "वहिनी," मी म्हणाले, "मी पारधीच आहे."

"चल!" वहिनी हसल्या.

"खरंच."

त्यांनी ताईकडे बघितलं, जणू ती काही मदत करेल. ताईला मराठी येत नव्हतं, ती खूश होऊन मान डोलवत होती.

"अगं, पण तू तर इंजिनियर आहेस," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"आणि तुझ्याकडे तर... माझी चांदीची वाटीसुद्धा..." त्या थांबल्या. मी वाट बघितली. खूप दिवसांपूर्वी त्यांनी खीर पाठवली होती त्या वाटीत, आणि मी ती घासूनपुसून परत केली होती. त्यांचा चेहरा लालभडक झाला. हाताखालची सायकलची घंटी उगाचच एकदा वाजली. "दूध गॅसवर ठेवून आलेय गं मी," म्हणाल्या आणि सायकलवर टांग टाकून अशा गेल्या की चौकीतला पोलीस बाहेर येऊन बघायला लागला.

मी ताईला सगळं सांगितलं. नदीच्या बांधावर गवतात बसून. तिनेही सांगितलं. मला वाटलं होतं, ऑस्ट्रेलिया म्हणजे समुद्रकिनारे आणि क्रिकेट. ती म्हणाली, "बाहेर रस्त्यावर बघशील तर आम्ही मूठभर. तुरुंगात बघशील तर जिकडेतिकडे आम्हीच. माझ्या आईला सगळे भाचे एकत्र बघायचे असतील तर ती भेटीच्या वारी तुरुंगात जाते. लग्नातसुद्धा एवढे जमत नाहीत." तिच्या धाकट्या भावाला शाळकरी वयापासून उचलायचे. रस्त्यात मोठ्याने बोलला म्हणून, मित्राच्या गाडीत बसला म्हणून, पळाला म्हणून, पळाला नाही म्हणून.

मी तिला आमचा कायदा सांगितला. इंग्रजांनी आमच्यासारख्या जमातींच्या जमाती कागदावर गुन्हेगार ठरवल्या होत्या. पोर पाळण्यात असतानाच गुन्हेगार. स्वातंत्र्यानंतर कायदा गेला, पण गावाला आणि ठाण्याला ते कोणी सांगितलं नाही.

"इंग्रजांनी?" ती उठून बसली. "तुमच्याकडे पण तेच?"

"तेच."

"म्हणजे आपण..."

"एका सासूच्या दोन सुना," मी म्हणाले आणि मग तिला सासू म्हणजे काय, सून म्हणजे काय आणि भारतात त्यांचं काय चालतं हे समजावलं. तिला ते इतकं आवडलं की ती बांधावर आडवी होऊन लोळली. पलीकडे बेसबॉल खेळणाऱ्या मंडळींनी खेळ थांबवला.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांना फोन केला. त्यांना मी मोबाइल घेऊन दिला होता आणि ते त्यावर नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलायचे.

"पोलिसानं धरलं?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"धरलं नाही बाबा. विचारलं. सायकलचं होतं. सोडलं लगेच."

"मारलं?"

"नाही. खुर्ची दिली बसायला. चहा दिला."

मग वडिलांनी विचारलं, "खुर्ची कुणाला दिली?"

"मला. पुसून दिली."

"पुसून!" वडील ओरडले, आणि मला ऐकू आलं की ते फोन कानापासून दूर धरून सगळ्या वस्तीला सांगतायत, "पोलिसानं खुर्ची दिली हिला! पुसून!" मागून आईचा आवाज, मग कोणा म्हातारीचा, मग एकच कल्ला. वडील परत फोनवर आले तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "पोरी," ते म्हणाले, "तो पोलीस नसंल. नीट बघितलं का?"

वहिनी आठवडाभर दिसल्या नाहीत. डबे मात्र येत राहिले, किंबहुना वाढले. एके दिवशी पुरणपोळ्या, दुसऱ्या दिवशी अळूवड्या. दाराला पिशवी अडकवलेली आणि वहिनी पसार. मी खाऊन खाऊन फुगत चालले. शेवटी एका संध्याकाळी त्या स्वतःच आल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"तुझ्या वडिलांना नेलं होतं का गं कधी? पोलिसांनी?"

"पुष्कळदा."

"काय केलं होतं त्यांनी?"

"काही नाही."

"मग का न्यायचे?"

"तेच तर, वहिनी."

वहिनींनी माझ्या हातातला कांदा घेतला आणि चिरायला लागल्या, जणू तो कांदा माझ्याकडून नीट चिरला जाणार नव्हता. मग एकदम म्हणाल्या, "आमच्या आजोळी ती कडी मीच लावायचे. मला आवडायचं. मोठ्ठी पितळी कडी होती." आणि नाक ओढून, "हा कांदा फार तिखट आहे." मी दुसरा कांदा पुढे केला. त्या रडत रडत हसल्या. मग आम्ही इतकी कांदाभजी तळली की ती इमारतभर वाटावी लागली.

ताईचं मात्र त्या सुमारास बरं चाललं नव्हतं. तिचा तो धाकटा भाऊ आत होता. कुठल्याशा अवजारांच्या दुकानातून भोकं पाडायचं यंत्र चोरीला गेलं, म्हणून त्याला उचललेलं. त्या दिवशी तो दुसऱ्या गावी मावशीच्या मयताला गेला होता. साक्षीदार पुष्कळ होते, सगळं मयतच होतं साक्षीला, पण सगळे नातेवाईक आणि सगळे आदिवासी, म्हणून त्यांचं म्हणणं कोणी धरेना. जामीनही मिळेना. महिनेच्या महिने तो खटल्याची वाट बघत आत बसून होता. ताई वर्गात हसवायची, फळ्यावर चित्रं काढायची, आणि वर्ग संपला की चहाच्या खोलीत येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसायची.

निकालाच्या दिवशी तिचा वर्ग होता. मीही मागे जाऊन बसले होते. तिनेच सगळ्यांना फोन बंद करायला लावले आणि दहा मिनिटांत तिचाच वाजला. ती खिडकीपाशी गेली. आम्हाला तिची फक्त पाठ दिसत होती. प्रमुख, त्यांचे इंजिनियर, सगळे वह्यांवर पेन टेकवून थांबलेले. मग तिने अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या विभागातले लोक भूकंप समजून टेबलाखाली बघायला लागले.

ती वळली आणि ओरडली, "माय ब्रदर इज रिलीज्ड!"

आता सॉफ्टवेअरवाल्यांना रिलीज म्हणजे एकच. नवीन सॉफ्टवेअर, त्यातल्या चुका म्हणजे बग काढून, ग्राहकाच्या हाती जातं ते रिलीज. त्यासाठी ही माणसं जिवाचं रान करतात. प्रमुख ताडकन उठले, कोटाचं बटण लावलं आणि कमरेत वाकून म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स! एनी बग्स?"

"दे फाउंड द बग!" ताई रडत, हसत, उड्या मारत म्हणाली. "इट वॉज द पोलीस!"

मग मी जपानीत सगळं समजावलं. दुकानाच्या स्वतःच्याच कॅमेऱ्यात चोर दिसत होता, ताईच्या भावापेक्षा चांगला हातभर बुटका. इतके महिने ती टेप कोणी लावून बघितलीच नव्हती. तरुण वकिलीणबाईने हट्ट करून कोर्टात लावायला लावली. प्रमुखांचा चेहरा आधी उतरला. माझं काहीतरी चुकलं असं वाटलं मला. मग ते हळूच म्हणाले, "तपासणी न करता? इतके महिने?" तपासणी न करता काही पुढे सरकवणं ही त्यांच्या लेखी जगातली सगळ्यात मोठी लाजिरवाणी गोष्ट होती. ते पुन्हा वाकले, या वेळी खूप खाली, आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग वाकला. नंतर टाळ्या वाजल्या. त्या दिवशी इंग्रजीचा धडा झाला नाही. प्रमुखांनी आम्हाला सगळ्यांना जेवायला नेलं आणि ताईने त्यांना मिठी मारली, तेव्हा ते खांबासारखे उभे राहिले, पण सुटका करून घेतली नाही.

पुढचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. सगळंच गोड झालं नाही. त्या भावाला नंतरही दोनदा उचललं, दोन्ही वेळा काही निघालं नाही. ताई पुढच्या वर्षी परत गेली आणि आता कोर्टात आलेल्या आपल्या लोकांबरोबर बसायचं काम करते. त्यांना वकील काय म्हणतो ते कळेल असं सांगायचं, आणि ते काय म्हणतात ते वकिलाला. माझ्या वडिलांना अजून सणासुदीला ठाण्यातून फोन येतो, मात्र गाडी येत नाही. ते याला प्रगती म्हणतात.

पण जाण्याआधी ताईने भावाला टोकियोला आणलं होतं, आणि त्याचं सांगायचं राहिलं.

वसंतात आला. एवढा उंच की ग्योतोकुच्या घराच्या प्रत्येक चौकटीवर त्याचं कपाळ आपटायचं. फार बोलायचा नाही. दुकानात मात्र त्याची तऱ्हा विचित्र. कुठेही शिरला की हात पाठीमागे बांधायचा, कशालाही शिवायचा नाही, आणि एवढीशी पाण्याची बाटली घेतली तरी पावती हातात उंच धरून बाहेर पडायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातली मुलगी रिवाजाप्रमाणे मोठ्याने "या, या" म्हणाली, तर तो आल्यापावली बाहेर. "मागे लागली ती," म्हणाला. आयुष्यभर दुकानांत त्याच्या मागे कोणी ना कोणी चालत आलं होतं.

हे मी वहिनींना सांगितलं. त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. "त्याला सकाळी नेऊ या," त्या म्हणाल्या. "मोठ्या दुकानात. उघडतं तेव्हा." मग थोड्या वेळाने, पोळीकडे बघतच, "मी नवीन आले होते ना, कोणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा मी जायचे. नुसतं कोणीतरी वाकून नमस्कार करावा म्हणून."

गेलो आम्ही चौघं. शहरातलं जुनं, सात-आठ मजली, श्रीमंती दुकान. आम्ही काचेच्या दाराबाहेर थोड्या म्हाताऱ्या बायकांबरोबर उभे. वहिनी ठेवणीतली साडी नेसून आलेल्या. वेळ झाली, कुठेतरी मंजुळ संगीत वाजलं, पांढरे मोजे घातलेल्या दोघांनी दारं उघडली आणि आत, थेट जिन्यापर्यंत, दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या साऱ्या विक्रेत्या एकदम कमरेत वाकल्या.

तो जागीच थबकला. मागे वळून बघितलं, कोण मोठं माणूस येतंय म्हणून. मागे आम्हीच.

"चल," ताई म्हणाली.

"माझ्यासाठी?" तो म्हणाला.

"मग काय माझ्यासाठी? चल की!"

तो चालायला लागला. पहिल्या मुलीसमोर थांबला आणि तोही वाकला. ती पुन्हा वाकली. त्याला वाटलं आपलं देणं राहिलं, तो पुन्हा वाकला. पुढची मुलगी, पुढचा नमस्कार. अत्तरांच्या काउंटरपाशी आमच्यामागच्या म्हाताऱ्या बायका तुंबल्या आणि त्यांनीही हसत हसत वाकायला सुरुवात केली. वहिनी पदर सावरत डावीकडे उजवीकडे राणीसारखी मान लववत होत्या. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती दात दाखवून हसत होती. माझं डोकं गरगरत होतं, लग्नाच्या वरातीत नाचल्यावर गरगरतं तसं.

सरकत्या जिन्यावर तो आमच्या पुढे उभा राहिला. हात पाठीमागे नव्हते. एक हात जिन्याच्या कठड्यावर टेकलेला. वर जाता जाता त्याने मागे बघितलं, खाली पार दारापर्यंत. मग तो हसला. मोठ्याने, घसा मोकळा सोडून. त्याचं हसणं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

"कोणीच मागे येत नाहीये," तो बहिणीला म्हणाला.

"काय म्हणतोय गं?" वहिनींनी मला विचारलं. मी मराठीत सांगितलं.

"अरे वा!" वहिनी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि आम्ही तिघी मग कोण?"